तिसरा गडी



सातारा जिल्ह्यात पाटणहून घाट चढून वर आलं की वनकुसवड्याचं पठार लागतं. खाली कोयनेचा शिवसागर जलाशय, वर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर पवनचक्क्या. चाळकेवाडीला, धुळ्याकडे ब्राह्मणवेलला असंच दृश्य दिसतं. फिरायला आलेली माणसं पाती बघतात, फोटो काढतात आणि जातात. पात्यांच्या मागच्या नॅसेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या खोलीत, बसून गिअरबॉक्सचं तेल तपासणारी, बोल्ट आवळणारी पोरं त्यांना दिसत नाहीत. आयटीआय किंवा डिप्लोमा केलेली, बरीचशी आसपासच्याच गावांतली ही पोरं. मी बरीच वर्षं साइट सांभाळतो आहे. आज मला बोलायचं आहे ते या पोरांच्या घराबद्दल.

वारा हंगामी असतो. वर्षभरात पवनचक्क्यांतून जेवढी वीज तयार होते, तिचा साधारण दोन तृतीयांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे मशीन जुलैत दिवसभर बंद पडलं तर जे नुकसान होतं, त्याच्या पासंगालाही डिसेंबरातलं नुकसान पुरत नाही. म्हणून सगळी सर्व्हिसिंग एप्रिल-मेमध्ये उरकायची, म्हणजे नेमकी शाळेच्या सुट्टीत आणि लग्नसराईत. जून लागला की ब्रेकडाउनची धावपळ सुरू, आणि तेव्हाच घरी पेरणी. पाटण खोऱ्यात भाताची लावणी, धुळ्याच्या साक्रीकडे बाजरी आणि मका. शाळाही त्याच सुमाराला उघडतात. शेतकऱ्याचा मुलगा घरी ज्या महिन्यात लागतो, त्याच महिन्यात तो टॉवरवरही लागतो.

यातच आमच्या कामाचा एक नियम आहे, आणि तो मोडायचा नाही. टॉवर एकट्यानं चढायचा नाही. जुन्या मशीनमध्ये लिफ्ट नसते. टॉवरच्या पोटात सरळ उभी शिडी असते, पन्नास-साठ मीटरची, कुठे त्याहून उंच. आधी खाली पॅनलला कुलूप घालून टॅग लावायचा. मग हार्नेस चढवायचा. प्रत्येक पट्टा जोडीदारानं ओढून बघायचा आणि त्याचा आपण. वर गेल्यावर रोटर लॉक केल्याशिवाय, म्हणजे पाती फिरणार नाहीत अशी जखडल्याशिवाय, त्यांच्या मधल्या हबमध्ये शिरायचं नाही. वर कुणाला चक्कर आली, हात अडकला, तर त्याला दोरावरून खाली आणणारा पहिला माणूस जोडीदारच. रुग्णवाहिका पठारावर येईपर्यंत दुसरं कुणी नसतं. २०१२ साली पवनऊर्जा कंपन्यांनी ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन उभी केली. तिच्या प्रशिक्षणात उंचीवरचं काम आणि प्रथमोपचार हे दोन्ही विषय येतात आणि दर दोन वर्षांनी त्यांची उजळणी करावी लागते.

आता या नियमाचा घराशी संबंध बघा. इथे रजा एकट्याची नसते. पोराला ताप आला म्हणून एक जण घरी थांबला की त्याचा जोडीदारही जमिनीवर राहतो आणि मशीन बंद राहतं. घरी थांबलेला माणूस मग ओशाळतो. पुढच्या वेळी तो थांबत नाही. आई दवाखान्यात असली तरी हार्नेस घालून हजर होतो. मला भीती वाटते ती अशा माणसाची. हातपाय सवयीनं शिडी चढतात, पण लक्ष दवाखान्यात असतं.

एका जुलैत सकाळी काम सुरू करण्याआधीच्या बैठकीत, टूलबॉक्स टॉकला, एक मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, ह्याला आज वर पाठवू नका. वहिनींचे दिवस भरलेत, ह्याचं सगळं ध्यान फोनकडं हाय." ज्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं तो मान खाली घालून उभा. त्याला आम्ही गाडी देऊन घरी पाठवला. त्याच्या जागी चढायला प्रशिक्षण झालेला तिसरा गडी त्या दिवशी साइटवर होता, म्हणून हे जमलं. तो नसता तर मला एकतर मशीन बंद ठेवावं लागलं असतं, नाहीतर त्या पोराला वर पाठवावं लागलं असतं. या पेचात साइटवरच्या कुणालाही टाकू नये. दोघांच्या प्रत्येक जोडीमागे तिसरा माणूस हवाच. ठेकेदार म्हणतात, दरात बसत नाही. जुलैतल्या बुडालेल्या युनिटांचा हिशेब मांडला की बसतं.

तेवढ्यानं भागत नाही. हंगामाआधी, मार्चच्या शेवटी, आम्ही सगळे एकत्र बसतो आणि फळ्यावर प्रत्येकाच्या घरच्या तारखा लिहितो. कुणाच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाची लावणी, कुणाची वारी, कुणाच्या बायकोचं बाळंतपण. मग ड्युट्या लागतात. एकदा घरच्या मंडळींनाही बोलावलं होतं. त्यांच्यातल्या एक ताई म्हणाल्या, "रजा मिळाली नाही तर नाही, आम्ही निभावतो. पण येतो येतो म्हणून ताटकळत ठेवू नका. येणार नसाल तर तसं सकाळीच सांगा." तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकानं घरी फोन करून संध्याकाळची खरी वेळ सांगायची, असं ठरलं आहे. उशीर होणार असेल तर तेही तेव्हाच सांगायचं.

खासगी नोकरीतल्या बापाला मूल झाल्यावर रजा मिळावी असा कायदा आपल्याकडे नाही. आईसाठी २०१७ पासून २६ आठवडे आहेत. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप म्हणून १५ दिवस मिळतात. टॉवरवरच्या पोराला ती रजा त्याच्या सोबत्यांनीच आपल्या ड्युट्या वाढवून द्यायची. मुली या कामात येऊ लागल्या आहेत, त्यांच्यासाठी तर हे सगळं आणखी नेटानं करायला हवं. आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार जगभर पवनऊर्जेत स्त्रियांचं प्रमाण २१ टक्के आहे. आमच्या पठारावर टॉवर चढणाऱ्या मुली अजून तुरळकच.

श्रोत्यांमध्ये पवनचक्क्यांचे मालक किंवा ठेकेदार असतील, तर त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. यंदाचा सर्व्हिसिंगचा करार लिहिताना तिसऱ्या माणसाचा पगार त्यात धरा, आणि त्याचं प्रशिक्षण मे संपायच्या आत पुरं करा. जूनमध्ये शिकवायला कुणाला उसंत नसते.