खाणकामगार सत्तेवर आला; कामगार कोठे राहिला?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कामगाराचा मुलगा राज्यकर्ता झाला म्हणजे कामगारांचे राज्य आले, असा एक भाबडा समज आपल्या चळवळीत आढळतो. तो पारखून घ्यावयाचा असेल तर पोलंडच्या एडवर्ड गिएरेक यांचे चरित्र पाहावे.

१९१३ साली एका खाणकामगाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडील खाणीतील अपघातात गेले. आईने पुनर्विवाह केला आणि कुटुंब पोटासाठी फ्रान्सला गेले. तेथे तेराव्या वर्षी गिएरेक खाणीत उतरले. १९३१ साली ते फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. १९३४ साली संप संघटित केल्याबद्दल फ्रेंच सरकारने त्यांना हद्दपार केले. पुढे बेल्जियममध्येही त्यांनी खाणीतच काम केले. १९४८ साली ते मायदेशी परतले आणि १९५७ पासून कातोवित्से या कोळसा-प्रांताचे पक्षप्रमुख झाले.

डिसेंबर १९७० मध्ये अन्नधान्याच्या भाववाढीविरुद्ध उठलेल्या बंदरांतील कामगारांवर गोळीबार झाला. चाळीसहून अधिक माणसे मारली गेली. गोमुल्का गेले, गिएरेक आले. जानेवारी १९७१ मध्ये ते श्चेचिन व ग्दान्स्कच्या कामगारांसमोर स्वतः जाऊन उभे राहिले आणि ‘मदत कराल ना?’ असे त्यांनी विचारले. आपल्यातलाच एक माणूस बोलत आहे, असे कामगारांना वाटले. त्या दशकात घरे बांधली गेली, वेतने वाढली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे सारे मुख्यतः पाश्चात्त्य कर्जावर उभे होते, आणि त्याचा जाब विचारणारी स्वतंत्र संघटना कामगारांच्या हाती नव्हती.

जून १९७६ मध्ये पुन्हा भाववाढ जाहीर झाली. रादोम व उर्सुस येथे संप झाले. भाववाढ दुसऱ्याच दिवशी मागे घेतली गेली. परंतु पकडलेल्या कामगारांना पोलिसांच्या दोन रांगांमधून धावावयास लावून दंडुक्यांनी झोडपण्यात आले. अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. संपासाठी एकेकाळी हद्दपारी भोगलेला माणूस तेव्हा राज्याच्या शिखरावर होता!

ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कची गोदी बंद पडली. अखेर सायलेशियाचे खाणकामगारही, म्हणजे गिएरेक यांच्याच व्यवसायाचे व त्यांच्याच बालेकिल्ल्यातले लोक, संपावर गेले. खाणी अखंड चालाव्यात म्हणून रविवारची सुट्टीही हिरावून घेणारी पाळीपद्धत त्यांना नको होती. ३ सप्टेंबरला यास्त्शेंब्ये येथे सरकारने त्यांच्याशी करार केला. त्यानंतर तीनच दिवसांनी गिएरेक पदच्युत झाले. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या सरकारने त्यांनाही वर्षभर स्थानबद्ध केले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

गिएरेक दुष्ट होते, असे मी म्हणत नाही. कामगारांचे हित आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा त्यांना वेगळे विचारण्याची गरज नाही, ही त्यांच्या पक्षाची धारणा होती आणि तीच त्यांना भोवली. कोळशाने काळे झालेले हात ही सत्ताधाऱ्याच्या न्यायबुद्धीची हमी नव्हे. ती हमी कामगारांच्या स्वतंत्र संघटनेत व संपाच्या हक्कात असते.

म्हणून साथींनो, प्रश्न आपल्यालाही आहे. उद्या आपला पक्ष सत्तेवर आला आणि आपल्याच युनियनने आपल्याच सरकारविरुद्ध संप पुकारला, तर आपण कोणाच्या बाजूला उभे राहणार? याचे उत्तर सत्ता मिळाल्यावर शोधून चालणार नाही. ते आजच ठरवले पाहिजे.