तीन सत्त्या हातात, आणि मी चेक केलं

ठरल्याप्रमाणे आज लिमिट पोकर. ऑनसाइटला कॅलिफोर्नियात होते तेव्हाचा डाव, 4-8 डॉलरचं टेबल. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत बेट 4 चीच, पुढच्या दोन्हींत 8 ची. ऑल-इनची भीती घालायची सोयच नाही.

चौघांचे 8-8, पॉट 32. माझ्याकडे सत्तीची जोडी. फ्लॉपला राजा, अठ्ठी, सत्ती. पहिली पाळी माझी, आणि मी चेक केलं. आधी रेज केलेला गडी शेवटी होता. वाटलं, तो बेट करेल, मग मी रेज करीन. पण त्यानेही चेक केलं! पुढचं पान नव्वी. गुलाम-दश्शीवाल्याची सिक्वेन्स फुकटात लागली, आणि माझे आणखी 24 डॉलर गेले.

आता हिशोब बघा. त्याला न दिसलेली पानं 47, कामाच्या नव्व्या 4. साधारण पावणेअकरास एक. मी 4 लावले असते तर त्याला 36 साठी 4 भरायचे, म्हणजे नवास एक. नुसत्या पॉटवर हा कॉल तोट्याचा. तरी आला असता? येऊ दे की, पैसे भरून.

फ्लशची वाट बघणारा तर येणारच, आणि त्याचं बरोबरही असतं. तरी 4 घ्यायचे, कारण पाचातल्या चार वेळा पुढचं पान त्याचं नसतं.

चेक मी अजूनही करते, पण समोरचा बेट करणार याची खात्री असेल तरच. किंवा फ्लॉपला दोन राजे आणि उरलेले दोन माझ्याच हातात असले, तर. तेव्हा बिचाऱ्यांना काहीतरी लागू तरी दे!