एकच पत्ता, दोन नोंदी

कॅलेंडर सिंकवर बोल असं बऱ्याच जणांनी म्हणलं होतं, तर आज माझ्याच घरची गोष्ट.

आम्ही नांदेडचे, ताई लातूरला असते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन लातूरला, गुरुवारी ठरलं. नोंद शेअर्ड कॅलेंडरमध्ये. आईच्या फोनवर मीच लिहिलेलं छोटं अ‍ॅप. नंतर दवाखान्यानं बुधवार दिला, ताईनं कॅलेंडरमध्ये बदलला. फोन केला नाही, कारण मीच शहाणपणा केला होता: "कॅलेंडरमध्ये टाकलं की बास."

आई गुरुवारी पहाटेच्या एसटीनं लातूरला पोचली. नंबर काल होऊन गेला होता. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

"अरे, फोनमध्ये दोन दिसत होते. मी आधी ठरलेलं धरलं," ती म्हणाली.

दोन कसे? कॅलडॅव्हमध्ये प्रत्येक नोंदीला स्वतःचा यूआरएल असतो. आमच्या यूआरएलमध्ये ईमेल आयडी होता, म्हणजे @ आला. हेच @ %४० असंही लिहितात, कारण त्याचा आस्की क्रमांक ६४, हेक्समध्ये ४०. पायथनचं क्वोट फंक्शन @ चं %४० करतं, जावास्क्रिप्टचं एन्कोडयूआरआय तसंच ठेवतं. मी सर्व्हर अपडेट केला आणि तो @ ऐवजी %४० पाठवायला लागला. माझं अ‍ॅप नुसती स्ट्रिंग जुळवत होतं. त्याला वाटलं, ही नवीनच नोंद. जुनी पुसायची नाही असं मीच ठरवलेलं, डेटा जाऊ नये म्हणून. मग बुधवार नव्या नोंदीत आला, जुनी गुरुवारीच बसून राहिली.

गंमत म्हणजे २००५ च्या आरएफसी ३९८६ नुसार @ राखीव चिन्ह आहे; त्याची दोन रूपं आपोआप एकच धरायची नाहीत. पण सर्व्हर दोन्हीला तीच नोंद देत होता.

आता मी आधी स्लॅशवर तुकडे पाडतो, मग प्रत्येक तुकडा एकदाच डीकोड करून जुळवतो. दोनदा केलं की %२५४० चंही @ होतं. रिक्वेस्टला मात्र सर्व्हरनं दिलेलाच पत्ता, जसाच्या तसा. आणि टेस्टमध्ये 'नांदेड' टाकतो: सहा कोडपॉइंट, एन्कोड केल्यावर ५४ अक्षरं.

आईचं ऑपरेशन झालं. ताई आता कॅलेंडरमध्ये टाकते आणि वर फोनही करते. मी काही बोलत नाही.