पुस्तकें विकत घेण्याचें सुख

(गांवच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मास्तर बोलावयास उभे राहिले म्हणजे ते वाचनाचे फायदे सांगणार, अशी आपणां सर्वांची समजूत असेल. वाचल्यानें शहाणपण येतें, वाचल्यानें नोकरी लागते, वाचल्यानें तलाठ्याचा आणि बँकेचा कागद कळतो, हें आपण पुष्कळ वेळां ऐकिलें आहे व तें खरेंच आहे. पण आज आम्ही फायदा बाजूस ठेवून सुखाविषयीं बोलणार आहों. पुस्तक वाचण्यांत आणि पदरचे पैसे मोजून तें घरीं आणण्यांत रोजच्या रोज मिळणारें एक सुख आहे. तें शेतकऱ्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या, शिंप्याच्या घरांत कां नांदूं नये, एवढाच आमचा विषय आहे.

आपल्या घरांत पुस्तकें मुळींच येत नाहींत असें नाहीं. जून उजाडला कीं शाळेचीं पुस्तकें येतात, पुढें गाइडें येतात, पोरगा पदवीला गेला म्हणजे स्पर्धा परीक्षांचे जाडजूड ठोकळे येतात. बाप उसनवारी करील, आई कानांतलें मोडील, पण हीं पुस्तकें आणून देईल. त्या मायबापांस आमचा नमस्कार आहे. परंतु परीक्षा संपली कीं त्या पुस्तकांचें काय होतें? तीं किलोच्या भावानें रद्दींत जातात. पेरणी आटोपली कीं पाभर गोठ्यांत टाकून द्यावी, तशी पुस्तकाची गत होते. अशा घरांतल्या पोराला पुस्तक म्हणजे एक अवजार, फार तर एक शिक्षा, इतकेंच ठाऊक असतें. पास झाला तरी तो पुस्तकाशीं सोयरीक तोडतो, नापास झाला तर त्याचें तोंडहि पाहत नाहीं. शाळेंत घडाघडा वाचणारीं कितीतरी मुलें आज बापये झालीं आहेत, आणि त्यांच्या घरांत भिंतीवरच्या क्यालेंडराशिवाय दुसरा छापील कागद नाहीं. हें पाहून आमच्या जिवाला फार लागतें.

उलट ज्या घरांत चार पिढ्या पुस्तकें आहेत, तेथें मूल रांगतां रांगतां पुस्तक ओढतें, पानें चुरगळतें, चित्रें पाहतें आणि कोणी न सांगतां वाचूं लागतें. लोक म्हणतात, त्यांची बुद्धीच तशी! बाबांनो, आम्ही वीस वर्षें सर्व जातींचीं मुलें शिकवीत आलों. बुद्धींत आम्हांस भेद दिसला नाहीं. भेद दिसला तो घरांतल्या फळीचा. आणि फळी तर आपला सुतार एका सकाळीं ठोकून देईल.

कोणी म्हणेल, वाचनाचें वेड हें पांढरपेशांचें, आपल्याला तें कोठून असणार? हें म्हणणें साफ चुकीचें आहे. आपल्या गांवांतून श्रावणांत पोथी लागत असे. एकजण वाची आणि पन्नासजण ऐकत. ज्या म्हातारीला काळ्यावरचें पांढरें कळत नसे, तिला कथा मात्र अशी पाठ असे कीं वाचणारा चुकला तर ती त्याला तेथेंच थांबवी. खानदेशांत असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी या शेतकरणीला अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर नि शेतांत तिनें जीं गाणीं रचिलीं, तीं तिच्या मुलानें, सोपानदेवांनीं, १९५२ सालीं छापून काढिलीं आणि साऱ्या महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलीं. म्हणजे शब्दाची गोडी आपल्या रक्तांत आहे. ती कानांनीं आली होती, आतां डोळ्यांनीं यावयाची आहे.

आतां हें सुख कसें असतें तें सांगूं. दिवसभर औत हांकून किंवा ऐरणीवर घण घालून माणूस दमलेला असतो. जेवण झालें, ओट्यावर बसला, दोन पानें वाचलीं. त्या दोन पानांपुरता तो कोणाचा कर्जदार नसतो, कोणाचा गडी नसतो. ऊस केव्हां तुटेल, कांद्याला काय भाव येईल, हा घोर तेवढा वेळ बाहेर उभा राहतो. दारू हाच घोर विसरविते खरी, पण सकाळीं दामदुपटीनें परत करते. पुस्तक कांहीं परत मागत नाहीं. उलट दुसऱ्या दिवशीं खुरपतांना, फिरकी फिरवितांना, मशीन चालवितांना कालचीं तीं दोन पानें मनांत घोळतात आणि काम हलकें होतें.

दुसरें सुख मोठ्यानें वाचण्याचें. शाळेंतल्या मुलीनें चुलीजवळ बसून वाचावें, आईनें भाकरी थापतां थापतां ऐकावें, आजीनें मधेंच विचारावें, 'मग पुढं काय झालं गं?' एकाच पुस्तकानें सगळें घर खूष होतें. ज्या मुलीचें वाचणें घरानें असें ऐकलें, तिला शाळेंतून काढावयास बापाचें मन सहसा धजत नाहीं.

तिसरें सुख तर फार मोठें आहे. तें म्हणजे छापील पानांत आपलें माणूस, आपली बोली भेटण्याचें. पूर्वीं पुस्तकांत आपला कुणबी आला तर बहुधा गडी म्हणून नाहीं तर हंसें करण्यापुरता येई. कृष्णराव भालेकरांनीं १८८८ च्या सुमारास 'बळीबा पाटील' लिहून खेड्यांतला शेतकरी कथेचा नायक केला, तेव्हां ती वाट उघडली. आज तिचा हमरस्ता झाला आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) उघडा. एक तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर जातो आणि त्या मेंढरांच्या मुलखांत कसा रुळतो, तें वाचून आम्हां शाळामास्तरांस तर आपलीच बदली झाल्यासारखें वाटतें. उद्धव शेळक्यांच्या 'धग' (१९६०) मध्यें वऱ्हाडांतली कौतिक ही शिंप्याची बायको संसाराचा गाडा कशी ओढते, तें वऱ्हाडी बोलींतच वाचावें. आनंद यादवांच्या 'गोतावळा' (१९७१) मध्यें मालकाच्या मळ्यावर राबणारा नारबा आहे, त्याचीं जिवाभावाचीं जनावरें आहेत आणि मळ्यांत येणारा ट्रॅक्टर आहे. ज्याच्या गोठ्यांतून बैल गेला त्याच्या डोळ्यांस तेथें पाणी आल्यावांचून राहणार नाहीं. आणि 'फकिरा' (१९५९) लिहिणारे अण्णाभाऊ साठे शाळेंत जेमतेम गेलेले. जें दुःख आपल्याला सांगतां येत नव्हतें, तें कोणी नीट शब्दांत मांडलेलें पाहिलें म्हणजे छाती हलकी होते. हें सुख विकत मिळतें, आणि तेंहि एका कोंबडीपेक्षां कमी पैशांत!

येथें कोणी म्हणेल, मग वाचनालय कशाला आहे? तेथून फुकट आणूं, विकत कां घ्या? वाचनालय पाहिजेच. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचा जाणता माणूस आणविला, राज्यांत जागोजाग वाचनालयें काढिलीं आणि लहान गांवांना लांकडी पेट्यांत पुस्तकें घालून फिरतीं ठेविलीं. हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याच्या शेतकरी घरांतले. १८७५ सालीं दत्तक गेले तेव्हां बारा वर्षांचे होते आणि तेथें गेल्यावर त्यांचा विद्याभ्यास सुरू झाला. पुस्तकावांचून वाढलेल्या माणसालाच पुस्तकाची किंमत अशी कळते. तेव्हां वाचनालय हें गांवाच्या विहिरीसारखें आहे, तें असावेंच. पण सार्वजनिक विहीर असली म्हणून घरांत कोणी पाण्याचा माठ ठेवीत नाहीं काय? रात्रीं तहान लागली तर हात माठाकडेच जातो. आपल्या मालकीचें पुस्तक दहा वेळां वाचतां येतें, समासांत पेन्सिलीनें खूण करतां येते, त्यावर आपलें नांव, तारीख व बाजाराचें गांव लिहून ठेवितां येतें. पंधरा वर्षांनीं तें पान उघडलें म्हणजे तो बाजार, ती एस्. टी. आणि तेव्हांचे आपण, सारे पुन्हां भेटतात.

विकत घेण्याची गंमत तर न्यारीच. रद्द्यावाल्याच्या ढिगांत हात घालावा आणि फाटक्या गाइडांखालून एखादें चांगलें चरित्र वर यावें. आळंदी-पंढरपूरला गेलेला वारकरी माळ नि बुक्क्याबरोबर गाथा घेतो. सहा डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या दीक्षाभूमीवर जाऊन पाहा. शेतमजूर, गवंडी, सफाई कामगार, पदरांत दशम्या बांधून आलेल्या बाया, रांगेंतून दर्शन घेतात आणि पुस्तकांच्या दुकानांपुढें गर्दी करतात. घरीं जातांना पिशवींत पुस्तक असतें. जत्रेहून पुस्तक आणण्याची ही चाल सर्व जातींनीं उचलावी अशी आहे.

ज्यांच्यासाठीं ते लोक जमतात त्या बाबासाहेबांची गोष्ट ध्यानांत घ्या. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले, तेव्हां कृष्णराव अर्जुन केळुसकर या मराठा जातीच्या मास्तरांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्यांस भेट दिलें. त्या एका पुस्तकाचा आपल्या मनावर काय परिणाम झाला, तें बाबासाहेबांनीं पुढें स्वतः लिहून ठेविलें आहे. १९५६ सालीं नागपूरास जें घडलें, त्याचें एक बीं त्या भेटींत होतें. पुढें अमेरिकेंत शिकतांना पोटाला चिमटा घेऊन त्यांनीं जुन्या बाजारांतून पुस्तकें जमविलीं. १९१७ सालीं परत येतांना सामानाची बोट लढाईंत पाणबुडीनें बुडविली आणि तीं पुस्तकें समुद्रांत गेलीं. दुसरा असता तर हाय खाऊन बसला असता. त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ केला आणि दादरला 'राजगृह' बांधिलें तें पुस्तकांस जागा व्हावी म्हणून. मोठेपण राहूं द्या. पण एवढा सोसलेला माणूस मरेपर्यंत पुस्तकें विकत घेत राहिला, तो सुखावांचून काय?

आतां पैशांची अडचण. ती खरी आहे. दुष्काळांत पुस्तक घ्या असें आम्ही म्हणणार नाहीं. पण बरी सालें असतात तेव्हांचा हिशोब करूं. घरांतील एका डब्यांत रोज पांच रुपये टाका. वर्षाचे १८२५ रुपये होतात. एका पुस्तकास सरासरी दोनशें रुपये धरले, तर नऊ पुस्तकें झालीं. दहा वर्षांत नव्वद. नव्वद पुस्तकांचें घर म्हणजे लहानसें विद्यालयच. शिवाय सरकारी प्रकाशनें स्वस्त असतात. महात्मा फुल्यांचें समग्र वाङ्मय १९६९ सालीं सरकारच्या साहित्य-संस्कृति मंडळानेंच प्रथम छापिलें. टपालानें पुस्तक मागवावयाचें असेल तर १ मे २०२५ पासून टपाल खात्यानें 'ज्ञान पोस्ट' म्हणून स्वस्त सोय काढिली आहे. आरंभीं तिचा दर तीनशें ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून ठेविला होता. पोस्टांत जाऊन चौकशी करावी.

वेळ नाहीं म्हणणाऱ्यांस आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, हातांतला मोबाईल दिवसाकाठीं किती वेळ खातो? आम्ही मोबाईलचे वैरी नाहीं. वाईच्या मंडळाचा मराठी विश्वकोश त्यावर फुकट वाचतां येतो. पण मोबाईल माणसाला या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारावयास लावतो. पुस्तक एका झाडाखालीं बसवितें.

घेतांना चार गोष्टी पाहाव्या. नुसत्या रंगीत वेष्टणाला भुलूं नये. दुकानांत उभ्याउभ्या एक पान वाचावें, तें धरून ठेवील तर घ्यावें. जुनें पुस्तक असेल तर पानांचे आंकडे तपासावे, मधला फर्मा गळालेला असतो. म्हाताऱ्यांसाठीं टाईप मोठा बघावा. आणि कामाचें एक घेतलें तर मौजेचेंहि एक घ्यावें. घरीं आल्यावर जुन्या क्यालेंडराचें जाड पान घालून वेष्टण चढवावें. पत्र्याच्या पेटींत ठेवावयाचें तर सुकलेला निंबाचा पाला घालावा, म्हणजे कसर लागत नाहीं. भिंतीला पेटी टेकवूं नये, वाळवी चढते. पावसाळा सरला कीं धान्याबरोबर पुस्तकांसहि वारें द्यावें. शेजाऱ्याला पुस्तक द्यावें, अवश्य द्यावें, पण वहींत त्याचें नांव लिहून द्यावें. कुदळ उसनी देतांना आपण जेवढे सावध असतों, तेवढें पुस्तकाला पुरे.

शेवटीं या सभेपुढें आमचें तीन गोष्टींचें मागणें आहे. पहिलें, प्रत्येक घरांत या वर्षीं परीक्षेशीं ज्याचा संबंध नाहीं असें एक तरी पुस्तक विकत यावें. दुसरें, आठवड्यांतून एक रात्र घरांतल्या लहान मुलानें किंवा मुलीनें सर्वांस तें वाचून दाखवावें आणि वडील मंडळींनीं तोंवर टी. व्ही. बंद ठेवावा. तिसरें, लेकीच्या रुखवतांत शेवया-कुरडयांच्या जोडीला पांच पुस्तकें मांडावीं. भांडीं सासरच्या घराचीं होतात. पुस्तकें तिचीं राहतील.

आपल्या वाडवडिलांनीं धान्याच्या कणग्या भरून ठेविल्या म्हणून आपण आज उभे आहों. पुस्तकाची फळी त्यांना भरतां आली नाहीं, तें काम आपल्या पिढीच्या वांट्याला आलें आहे. सुखाचें काम आहे, तें हंसतखेळत करूं या.