पहारेकऱ्याची बदली

जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजास आंतून अडसर घातला म्हणजे घरधनी निर्धास्त झोंपे. ज्या सुतारानें तो अडसर तासला तो गांव सोडून गेला, किंवा निवर्तला, तरी अडसराचें कांहीं बिघडत नसे. आजच्या घरांत पहाऱ्यास बसविलेल्या विजेच्या यंत्रांची गोष्ट निराळी आहे. यंत्र धडधाकट असतांही त्याच्या कर्त्याच्या इच्छेनें तें एका ठराविक दिवशीं निरुपयोगी होऊं शकतें. आणि अमेरिकेंत तसें घडलेंही आहे. श्रोते हो, आज तोच प्रसंग थोड्या तपशिलानें पाहावयाचा आहे. कारण तसलीं यंत्रें आतां मुंबई-पुण्याच्या बिऱ्हाडांतही शिरलीं आहेत.

विजेचा पहारा ही कल्पना आजची नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्यांत ऑगस्टस पोप नांवाच्या गृहस्थानें १८५३ सालीं तिचें पेटंट घेतलें. दार उघडलें कीं विजेचें वर्तुळ पुरें व्हावें आणि घंटा वाजावी, एवढीच ती युक्ति. पुढें १९६९ सालीं न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागांत राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेस व तिचे पति आल्बर्ट यांस एक पेटंट मिळालें. दारावर कॅमेरा, आंत टेलिव्हिजनचा पडदा, बाहेरच्या माणसाशीं बोलण्याची सोय आणि संकटकाळीं मदत बोलाविण्याचें बटण, अशी ती योजना होती. आजचीं 'स्मार्ट' म्हणून मिरविणारीं यंत्रें ही त्याच योजनेचीं नातवंडें होत. भर पडली ती इंटरनेटची, आणि घोटाळाही तेथूनच सुरू झाला.

२०१० सालीं स्थापन झालेली नेस्ट ही कंपनी गूगलनें २०१४ सालीं ३२० कोटी डॉलरांस विकत घेतली. सप्टेंबर २०१७ मध्यें नेस्टनें 'नेस्ट सिक्युअर' नांवाचा संच जाहीर केला. किंमत ४९९ डॉलर. त्यांत 'गार्ड' नांवाची एक वाटोळी पेटी असे; तिच्यावर आंकड्यांचीं बटणें आणि पोटांत भोंगा. दार-खिडकीस चिकटविण्याचे 'डिटेक्ट' नांवाचे दोन सेन्सर असत. त्यांस दार उघडल्याचें कळे आणि जवळून कोणी चालत गेल्याचेंही कळे. शिवाय किल्ल्यांच्या जुडग्यास अडकविण्याच्या दोन चकत्या. चकती पेटीवर टेकविली कीं पहारा उठे. आंकडे आठवीत बसण्याचें कारण नाहीं. संच लोकांस आवडला, आणि तो आवडण्यासारखाच होता. पहांटे फिरावयास निघालेल्या माणसानें सेन्सरवरचें बटण दाबून दार उघडलें तर भोंगा न वाजतां तें उघडे, म्हणजे घरच्यांची झोंपमोड होत नसे. अंधारांत कोणी पाणी प्यावयास उठला तर तोच सेन्सर मंद उजेड देई. घरांतील म्हाताऱ्या माणसाचा विचार करून कोणीतरी तें यंत्र घडविलें होतें, हें स्पष्ट दिसतें.

पण पुढें एकेक पान गळूं लागलें. फेब्रुवारी २०१९ मध्यें असें उघड झालें कीं त्या पेटींत एक मायक्रोफोन आहे, आणि कंपनीनें प्रसिद्ध केलेल्या तपशिलांत त्याचा उल्लेखच नाहीं. उल्लेख राहिला ही चूक झाली, असें कंपनीनें सांगितलें. ज्या वस्तूनें परक्याचे कान घरापासून दूर ठेवावयाचे तिच्याच पोटांत कान निघावा, हें कोणास रुचेल? ऑगस्ट २०२० मध्यें गूगलनें एडीटी या जुन्या पहारा-कंपनींत ४५ कोटी डॉलर गुंतविले, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नेस्ट सिक्युअरची विक्री बंद झाली. एप्रिल २०२३ मध्यें जाहीर झालें कीं ८ एप्रिल २०२४ नंतर हा संच इंटरनेटशीं जोडलेला राहणार नाहीं आणि मोबाईलच्या ॲपमध्यें दिसणारही नाहीं.

न्यायानें बोलावयाचें तर कंपनीनें वर्षभर आधीं सूचना दिली, आणि ग्राहकांपुढें ४८५ डॉलरपर्यंत किंमतीचा एडीटीचा संच किंवा आपल्या दुकानांत वापरावयाचे २०० डॉलर असा पर्यायही ठेवला. इतर ठिकाणीं याहून वाईट झालें आहे. पण २०२० सालीं विक्रीच्या शेवटच्या दिवसांत ज्यांनीं हा संच घेतला त्यांस तो पुरतीं चार वर्षेंही लाभला नाहीं. सेन्सरांचें चुंबक शाबूत, भोंग्याचा आवाज शाबूत. परंतु ते सेन्सर दुसऱ्या कंपनीच्या पेटीशीं जोडण्याची सोय नव्हती, म्हणून सगळेंच टाकाऊ.

असा प्रसंग हा एकच नव्हे. रिव्हॉल्व नांवाची ३०० डॉलरांची पेटी नेस्टनें विकत घेतलेल्या कंपनीची होती. ती मे २०१६ मध्यें बंद पाडण्यांत आली. लोव्ज या दुकानदार कंपनीची 'आयरिस' ही व्यवस्था ३१ मार्च २०१९ रोजीं मिटली; लोव्जनें मात्र जातां जातां तिची संगणकीय रचना सर्वांस खुली करून दिली, हें त्या कंपनीच्या पदरीं पुण्य. फेब्रुवारी २०२२ मध्यें एटी अँड टी या टेलिफोन कंपनीनें आपलें थ्री-जी जाळें बंद केलें, तेव्हां त्यावर विसंबलेल्या पहाऱ्याच्या पेट्याही मुक्या झाल्या.

मग नवा संच घेतांना पाहावें काय? दुकानांत कॅमेऱ्याची स्पष्टता, ॲपची रंगसंगति यांचेंच कौतुक ऐकूं येतें. खरा प्रश्न निराळा आहे: या यंत्राची बुद्धि कोठें राहते? घरांतल्या पेटींत, कीं शेंकडों मैल दूर असलेल्या कंपनीच्या सर्व्हरांत? याची परीक्षा सोपी आहे. पहारा लावावा, इंटरनेटची तार काढावी आणि दार उघडावें. भोंगा वाजला तर बुद्धि घरांत आहे. मग विजेचें बटण बंद करून तेंच पुन्हां करावें. वस्तु परत करण्याची मुदत संपण्यापूर्वींच हें उरकावें. मागाहून केलेली परीक्षा केवळ मनस्ताप देते.

दुसरी गोष्ट सेन्सरांच्या भाषेची. झिग्बी, झी-वेव्ह आणि २०२२ पासूनची मॅटर, या अनेक कंपन्यांनीं मान्य केलेल्या भाषा होत. त्या बोलणारा सेन्सर एका पेटीस पारखा झाला तरी दुसऱ्या पेटीस सहसा कामीं येतो. अमेरिकेंतील कित्येक जुन्या घरांत तर दाराच्या चौकटींत पूर्वींच्या पहाऱ्याच्या तारा अजून आहेत. त्यांच्या टोंकाशीं कांचेच्या नळींत दोन पातळ पात्या आणि दारांत एक चुंबक, एवढाच सरंजाम असतो. त्यास ना बॅटरी, ना ॲप. असल्या तारा उपटून टाकण्यापूर्वीं त्या नव्या पेटीस जोडतां येतात कां, हें अवश्य पाहावें.

बुद्धि पूर्णपणें घरांत ठेवूं पाहणारे लोक 'होम असिस्टंट' ही २०१३ सालीं सुरू झालेली विनामूल्य रचना एका लहानशा संगणकावर चालवितात. तीस कोणी एक कंपनी सहजासहजीं मिटवूं शकणार नाहीं. २०२४ पासून ती एका ना-नफा संस्थेच्या हातीं आहे. परंतु तिची देखभाल करणारा घरांत साधारणपणें एकच असतो. तो परगांवीं गेला आणि मध्यरात्रीं भोंगा वाजूं लागला तर घरच्या मंडळींनीं करावें काय? मुलगा कॅलिफोर्नियांत कामास आणि पुण्याहून गेलेले आईवडील दिवसभर घरांत एकटे, अशा बिऱ्हाडास मासिक वर्गणी भरून रात्रीं-अपरात्रीं फोन उचलणारें माणूस मिळत असेल तर तें अधिक बरें. मात्र भोंगा इंटरनेटवांचून वाजला पाहिजे, ही अट तेथेंही सोडूं नये.

नवें बसवून पारखून झाल्यावांचून जुनें उतरवूं नये. उतरविल्यावर मात्र तें भिंतीवर शोभेस ठेवूं नये, कारण दिवा दिसतो तोंवर घरच्यांस पहारा चालू आहे असेंच वाटतें. एके संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं, आजीबाईंनींसुद्धां, आपल्या हातानें पहारा लावून उठवून पाहावा. शेजाऱ्यांस तेवढें आधीं कळवावें. अमेरिकेंतील पुष्कळ शहरांत खोट्या इशाऱ्यावर पोलिस वारंवार धांवत आले तर दंड भरावा लागतो. आणि दोनदां फसलेला शेजारी तिसऱ्या वेळीं खिडकीसुद्धां उघडीत नाहीं.