पिवळा लागला, आता?

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी हेडफोन काढा, घरी पोचून ऐका. आजचा विषयच तसा आहे.

मागच्या महिन्यात मी स्कूटरवर होतो, पन्नासच्या आसपास. पुढचा सिग्नल पिवळा झाला आणि मी कचकन ब्रेक दाबला. मागचा बाईकवाला थेट माझ्यावर. त्याचं कोपर सोललं, माझा टेललाइट फुटला. वर तोच ओरडतोय, "अहो दादा, पिवळ्याला कोण थांबतं!"

जाम चिडलो होतो. पण घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ताशी 50 म्हणजे सेकंदाला जवळपास 14 मीटर. दिवा दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, म्हणजे 14 मीटर तिथेच संपले. मग बेताने ब्रेक लावला तर अजून साधारण 32. झाले 46 मीटर. पिवळा तीन सेकंदांचा असेल तर तेवढ्यात गाडी जाते 42 मीटर. आता समजा तुम्ही रेषेपासून 44 मीटरवर आहात. नीट थांबताही येत नाही आणि लाल व्हायच्या आत रेषाही गाठता येत नाही! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

हे कोडं गाझिस, हर्मन आणि मॅराड्युडिन या तिघांनी 1960 मध्येच गणितात मांडलं होतं. त्या पट्ट्याला आज 'डायलेमा झोन' म्हणतात.

हाच हिशेब 40 च्या वेगाने करा. थांबायला 32 मीटर, पिवळ्यात जाता 33. सुटलात, पण काठावर. आणि हे कोरड्या रस्त्याचं बरं का. पावसात ब्रेकचा आकडा वाढतो.

आपल्याकडे अजून एक गंमत. आडव्या रस्त्यावरचे लोक टायमरवर तीन-दोन दिसताच क्लच सोडतात. म्हणजे इकडून पिवळा चोरणारा आणि तिकडून हिरवा चोरणारा, दोघांची गाठ चौकाच्या मधोमध.

नियमात पिवळा म्हणजे थांबाच. इतके जवळ आलात की थांबणंच धोक्याचं, तरच पुढे जायचं. म्हणजे तो बाईकवाला चुकलाच, शेपटीला चिकटून चालवत होता. पण आरशात मीही बघितलं नव्हतं. आता हिरवा बराच वेळ दिसत असला की मी आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, आरशात बघतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू देत.

टेललाइट अजून बदलायचाय.