साप ओळखायचा, पण किती अंतरावरून?

सापांचे तक्ते आपण सर्वांनी पाहिलेले आहेत. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे विषारी; धामण, दिवड, कवड्या, तस्कर हे बिनविषारी. तक्ते खरेच असतात, पण त्यांतली खूण किती अंतरावरून दिसते, हे त्यांत लिहिलेलं नसतं. घराजवळच्या सापाबाबत माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे. मण्यार आणि कवड्या यांचंच पाहा. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. खूण पक्की, पण ती पाहायला अगदी जवळ जावं लागतं, आणि मण्यार फिरते रात्री. लांबून दिसतात ते फक्त पांढरे पट्टे. मण्यारीचे पट्टे बहुधा मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात; कवड्याचे मानेपाशीच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. पण पट्टे जवळजवळ नसलेली मण्यारही सापडते. तेव्हा अंधारातला साप, पट्टे दिसोत वा न दिसोत, मण्यारच असं धरून चालावं.

वरळी कोळीवाड्यात जाळ्यात येणाऱ्या समुद्रसापाला मात्र लांबूनही दिसणारी एक खूण आहे. वाम आणि समुद्रसाप यांतला फरक इथे कुणाला शिकवावा लागत नाही. वामेला पर असतो, सापाला खवले. पण जाळ्यात आलेला साप समुद्रातलाच की खाडीतला पाणसाप, हे शेपटी सांगते. समुद्रसापाची शेपटी वल्ह्यासारखी उभी चपटी असते, कारण ती त्याला पोहायला मदत करते. रंग फसवतो, पोहण्यासाठी घडलेला अवयव सहसा फसवत नाही. खाडीत खरखरीत कातडीचा एक बिनविषारी साप असतो, त्याचीही शेपटी किंचित चपटी असते. पण तिथे चूक झाली तर ती सावधपणाच्या बाजूने होते, आणि मला तीच चूक हवी आहे.

यावर कुणी म्हणेल, शंका असेल तर मारूनच टाकावा. पण मारायला काठीच्या अंतरावर जावं लागतं, म्हणजे राखायचं तेच अंतर आपण स्वतःहून तोडतो. तोडलेलं डोकंही काही काळ चावू शकतं. शिवाय धामण मारली तर सुक्या मासळीवर येणारे उंदीर कमी कोण करणार? लांब उभं राहून सापावर नजर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवावं, यात कुणाचंच नुकसान नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: संशय आला की विषारीच धरायचं, तर ओळख शिकायचीच कशाला? ओळख हवी ती दंशाच्या आधी, अंतर ठेवण्यासाठी. दंश झाल्यावर घरीच ‘बिनविषारी होता’ असा निवाडा करायला ती वापरू नये. मण्यारीच्या दंशाच्या खुणा कधी कधी दिसतही नाहीत, आणि दुखत नाही म्हणून माणूस झोपून जातो. समुद्रसापाचा दंशही सुरुवातीला दुखत नाही. काही तासांनी अंग आखडतं, स्नायू दुखू लागतात, लघवी काळपट होते. आपल्याकडचं नेहमीचं प्रतिविष जमिनीवरच्या चार सापांच्या विषावर बनतं, समुद्रसापाच्या नाही. तरी रुग्णालयात जायचंच, कारण श्वास आणि मूत्रपिंडं सांभाळण्याची सोय तिथे असते. साप पकडून नेऊ नये. तो जाळ्यात होता आणि शेपटी चपटी होती, एवढं सांगितलं तरी काय तपासत राहायचं ते डॉक्टरांना कळतं.